यादीत नाव आहे, पण हक्क चालतोय का?

(हा भाग ऐकायला वेळ नसेल तर खाली पूर्ण मजकूर आहे. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'हं' आणि मधे दोनदा लाईट गेली तो भाग काढलाय.)

 

मागे जो आवाज येतोय तो तुमच्या इअरफोनचा दोष नाही. तो आंबोलीचा पाऊस आहे. जुलै महिना, वर्क फ्रॉम होम, खिडकीबाहेर धुकं इतकं की समोरचा फणस दिसत नाही. शनिवार-रविवारी तुमच्यातले बरेच जण धबधब्याखाली भिजायला इथे येऊन गेले असाल. आम्ही मात्र इथे बारा महिने राहतो, आणि पावसाळ्यात नेट टिकलं की देवाला नारळ देतो.

आजचा विषय आहे परमिशन. ऑपरेटिंग सिस्टिम कसं ठरवते की कुठली फाईल कोणी उघडायची, कोणी बदलायची आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं. त्यामागे जी गोष्ट असते तिचं नाव ॲक्सेस कंट्रोल लिस्ट. आपण तिला सरळ 'यादी' म्हणू.

विषय कोरडा वाटतोय ना? मलाही कॉलेजात वाटला होता. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं आणि विसरून गेलो. मग नोकरीत एका मंगळवारी सकाळी कळलं की आमच्याकडे १९ दिवसांचा बॅकअपच नाही. कारण एक कमांड. आणि ती कमांड मारणारा मी. ती गोष्ट सांगतोच, पण आधी यादी म्हणजे काय ते समजून घेऊ, नाहीतर माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही.

सुरुवात तुमच्या हातातल्या फोनपासून करू.

व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकताना तीन पर्याय असतात. सगळे कॉन्टॅक्ट्स, काही जण सोडून सगळे, किंवा फक्त निवडलेले. तुम्ही गोव्याला गेलात, फोटो टाकला आणि 'सोडून सगळे'मध्ये बाबा, काका आणि आत्याला टाकलंत. झाली तुमची ॲक्सेस कंट्रोल लिस्ट तयार! वस्तू कोणती, तर तो फोटो. यादीत कोण, तर माणसं. आणि प्रत्येकासमोर काय, तर 'हो' किंवा 'नाही'. एवढंच असतं. वस्तूला चिकटवलेली एक यादी, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीत कोण आणि त्याला काय करता येईल हे लिहिलेलं.

आता हेच कॉम्प्युटरवर बघू. तिथे वस्तू म्हणजे फाईल किंवा फोल्डर. माणूस म्हणजे युजर. पण फाईल प्रत्यक्षात माणूस उघडत नाही, प्रोग्रॅम उघडतो. तो प्रोग्रॅम कुठल्या तरी युजरच्या नावाने चालू असतो. प्रोग्रॅम म्हणतो, 'मला ही फाईल उघडून दे.' ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, विचारतो की तू कोणाच्या नावाने चाललायस, आणि तुला वाचायचंय की लिहायचंय? मग फाईलची यादी बघतो. जमत असेल तर उघडून देतो, नाहीतर ते प्रसिद्ध वाक्य: परमिशन डिनाइड.

लिनक्सचा पूर्वज युनिक्स. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून तो बेल लॅब्समध्ये बनवला. त्यात ही यादी अगदी छोटी ठेवली, नऊ बिटांची. तीन प्रकारचे लोक: फाईलचा मालक, फाईलचा एक ग्रुप, आणि बाकी सगळं जग. प्रत्येकाला तीन हक्क: वाचणं, लिहिणं, चालवणं. तीन त्रिक नऊ. तुम्ही कोणी सीएचमॉड ७५५ वगैरे मारलं असेल, तर ते आकडे म्हणजे हेच नऊ बिट.

गंमत म्हणजे मोठी यादी त्याच्या आधीच अस्तित्वात होती. १९६५ मध्ये एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून मल्टिक्स नावाच्या सिस्टिमचं काम सुरू केलं. तिच्यात प्रत्येक सेगमेंटला, म्हणजे आपल्या भाषेत फाईलला, स्वतःची पूर्ण यादी होती. पुढे बेल लॅब्स त्या प्रकल्पातून बाहेर पडली, आणि छोट्या मशीनवर छोटं काहीतरी म्हणून युनिक्स जन्माला आलं. छोटं मशीन, म्हणून छोटी यादी.

नऊ बिट पुरतात का? बऱ्याचदा पुरतात. पण हे उदाहरण बघा.

समजा गावच्या जत्रेचा हिशोब एका फोल्डरमध्ये आहे. खजिनदार लिहिणार. कमिटीतले सगळे वाचणार. इथपर्यंत ठीक: मालक खजिनदार, ग्रुप कमिटी. आता मंडप घालणाऱ्याला फक्त त्याच्या बिलाची फाईल बघायचीय. तो कमिटीत नाही. मुंबईच्या मंडळातल्या दोघांना वाचायचंय. आणि कमिटीतच एक जण असा आहे की ज्याच्याकडे मागच्या वर्षीची पावती पुस्तकं अजून अडकलीत, तर त्याला यंदा दाखवायचं नाही असं ठरलंय. प्रत्येक गावात असतो एक, हसू नका. आता नऊ बिटांत हे बसवा बघू! मंडपवाल्याला कमिटीच्या ग्रुपमध्ये घेतलं तर त्याला सगळंच दिसणार. 'बाकी जग'ला परवानगी दिली तर अख्ख्या तालुक्याला दिसणार.

इथे यादी लागते. मंडपवाला: ही एक फाईल, फक्त वाचणं. मुंबईचे दोघे: वाचणं. अडकलेला कमिटी मेंबर: काहीच नाही. ज्याच्या नावाने हवी त्याच्या नावाने ओळ.

विंडोज एनटी १९९३ मध्ये आलं ते अशा याद्या घेऊनच. तुम्ही विंडोजवर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी असं गेलात की नावांची चौकट दिसते ना? ती हीच. युनिक्सच्या जगात पॉसिक्स नावाच्या मानकात या याद्या आणायचा प्रयत्न झाला, पण तो मसुदाच राहिला. अधिकृत मानक व्हायच्या आधीच मागे घेतला गेला. तरी लोकांनी त्या मसुद्यावरून काम केलं, आणि २००३ च्या शेवटी आलेल्या लिनक्स २.६ मध्ये या याद्या मुख्य कर्नलमध्ये होत्या. म्हणजे आपले हजारो सर्व्हर आजही एका मागे घेतलेल्या मसुद्यावर चालतात. सरकारी जीआर रद्द झाला पण ऑफिसात पद्धत तीच चालू आहे, तसं काहीसं.

आता महत्त्वाचा भाग. यादी वाचायची कशी?

लिनक्समध्ये क्रम ठरलेला आहे. आधी बघायचं, हा मालक आहे का? असेल तर मालकाची ओळ लागू, पुढे बघायचंच नाही. मालक नसेल तर त्याच्या नावाची वेगळी ओळ आहे का? असेल तर तीच लागू. नसेल तर तो कुठल्या ग्रुपात आहे ते बघायचं, आणि त्यातल्या एका जरी ग्रुपला मागितलेला हक्क असेल तर चालेल. यातलं काहीच नसेल तर 'बाकी जग'.

म्हणून आपला तो अडकलेला कमिटी मेंबर कमिटीच्या ग्रुपात असला तरी बाहेर राहतो. त्याच्या नावाची ओळ आधी सापडते, तिच्यात काहीच हक्क नाहीत, विषय संपला. ग्रुपपर्यंत गाडी जातच नाही.

विंडोजमध्ये वेगळं. तिथे 'परवानगी' आणि 'मनाई' अशा दोन प्रकारच्या ओळी असतात. ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि नेहमीच्या मांडणीत मनाईच्या ओळी आधी ठेवतात. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. यादी आहे पण रिकामी आहे, तर कोणालाच प्रवेश नाही. आणि यादीच नाही, तर सगळ्यांना पूर्ण प्रवेश! 'रिकामी' आणि 'नाहीच' हे दिसायला सारखं, पण अर्थ अगदी उलटे.

हे सगळं मी एकदा रात्री जेवताना काकांना सांगत होतो. काका शेती करतात, कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध सातबारा काढण्यापुरता. ते ऐकत होते, मग म्हणाले, "अरे, मगे ह्या आमच्या सातबाऱ्यासारख्याच झाला!"

मी हसलो. मग विचार केला आणि हसायचा थांबलो. कारण काका बरोबर होते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. तो कोणाचा असतो? माणसाचा नाही, जमिनीचा असतो. एका गट नंबरचा एक उतारा. त्यावर भोगवटादाराचं नाव, आणि बाजूला 'इतर हक्क'. त्यात बँकेचा बोजा येतो, कुळाचं नाव येतं. म्हणजे वस्तूला चिकटवलेली यादी: मालकाची ओळ, आणि बाकीच्यांच्या हक्कांच्या ओळी. यादीत बदल झाला की त्याची नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. आमच्या भाषेत तो ऑडिट लॉग.

आणि आठ-अ? तो उलटा. तो एका खातेदाराचा असतो. गावात या माणसाच्या खात्यावर कुठकुठली जमीन आहे ते तो सांगतो.

बटलर लॅम्पसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हेच एका तक्त्यात मांडलं. तक्त्यात आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत वस्तू, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या चौकोनात हक्क. उभा रकाना कापून वस्तूजवळ ठेवला की ती ॲक्सेस कंट्रोल लिस्ट. आडवी ओळ कापून माणसाजवळ दिली की तिला म्हणतात केपेबिलिटी लिस्ट. माहिती तीच, फक्त कापायची दिशा वेगळी. सातबारा उभा, आठ-अ आडवा. केपेबिलिटी प्रत्यक्षात किल्लीसारखी हातात असते आणि आठ-अ हा नुसता कागद, त्यामुळे जुळणी शंभर टक्के नाही. पण परीक्षेत हे लिहिलं असतं तर पाचात पाच मिळाले असते असं मला अजून वाटतं.

दिशा वेगळी असल्याने काय फरक पडतो? यादी वस्तूजवळ असेल तर 'या फाईलला कोण हात लावू शकतं' याचं उत्तर लगेच मिळतं. पण 'हा माणूस कंपनी सोडून गेला, तर त्याला काय काय उघडता येत होतं' हे शोधायला प्रत्येक फाईलचं दार ठोठवावं लागतं. आठ-अ नसता आणि एका माणसाची गावातली सगळी जमीन शोधायची असती, तर तलाठ्याला एकेक सातबारा चाळावा लागला असता. अगदी तसंच.

आता माझी चूक.

एक सर्व्हर होता. त्यावर एका फोल्डरमध्ये लोकांनी अपलोड केलेले कागद जमा व्हायचे: दाखले, ओळखपत्रं, फोटो. रोज रात्री बॅकअपचा प्रोग्रॅम यायचा आणि सगळं दुसरीकडे कॉपी करायचा. तो प्रोग्रॅम 'बॅकअप' नावाच्या वेगळ्या युजरच्या नावाने चालायचा. फोल्डरच्या यादीत त्याची ओळ होती: युजर बॅकअप, वाचणं आणि आत जाणं. छान, नीट, ज्याला जेवढं हवं तेवढंच.

एक दिवस तपासणीच्या आधी मी उत्साहात म्हटलं, एवढे खाजगी कागद आहेत, जरा घट्ट करू. आणि फोल्डरवर सीएचमॉड ७०० मारलं. म्हणजे मालकाला सगळं, ग्रुपला शून्य, बाकी जगाला शून्य. माझी समजूत अशी की मी फक्त ग्रुप आणि बाकी जग बंद केलं. बॅकअपची तर नावानिशी ओळ आहे, तिला काय धक्का?

इथेच गोम आहे. लिनक्सच्या यादीत आणखी एक ओळ असते, तिचं नाव मास्क. ही कोणा माणसाची ओळ नाही. ही कमाल मर्यादा आहे. मालक आणि बाकी जग सोडून यादीतल्या सगळ्यांना, म्हणजे नावाने लिहिलेल्या युजरना आणि सगळ्या ग्रुपना, मास्कपेक्षा जास्त काहीच मिळत नाही. आणि फाईलला अशी यादी असेल तेव्हा सीएचमॉडमधला मधला आकडा ग्रुपचा राहत नाही, तो मास्कचा होतो!

म्हणजे मी ७०० मारलं तेव्हा मास्क शून्य झाला. बॅकअपची ओळ यादीत तशीच राहिली. नाव तेच, हक्क तेच लिहिलेले. पण प्रत्यक्षात शून्य.

रात्री प्रोग्रॅम आला, दाराशी गेला, परमिशन डिनाइड. त्याने ते लॉगमध्ये लिहिलं. तो लॉग कोणी वाचत नव्हतं. आणि स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत काहीही झालं तरी 'बॅकअप पूर्ण' असा मेसेज जायचा. १९ रात्री तो मेसेज आला. आम्ही १९ सकाळी तो हिरवा टिक बघितला आणि चहा प्यायलो.

विसाव्या दिवशी एका सहकाऱ्याकडून चुकून ते फोल्डर उडालं. त्याला मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, बॅकअप आहे.

पुढचे काही दिवस आम्ही फोन करत होतो. 'सर, तुमचे कागद पुन्हा अपलोड कराल का?' काही जण चिडले, काही जणांनी पाच मिनिटांत पाठवले. एका माणसाचा आवाज अजून कानात आहे. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "दादा, माझ्याकडे साधा फोन आहे. कागद टाकायला तालुक्याला जावं लागतं, एक दिवसाचा रोज बुडतो. पण जातो." एवढंच म्हणाला. त्याचा एक रोज मी बुडवला होता, मधल्या एका शून्याने.

चूक शोधायला नंतर दोन मिनिटं लागली. गेट-एफ-ए-सी-एल ही कमांड मारली की पूर्ण यादी दिसते. बॅकअपच्या ओळीसमोर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'इफेक्टिव्ह', आणि पुढे तीन आडव्या रेघा. म्हणजे लिहिलेला हक्क हा, प्रत्यक्ष चालणारा हक्क काहीच नाही. मास्क परत वाचणं आणि आत जाणं एवढा केला, संपलं. साध्या एलएस कमांडमध्येसुद्धा खूण होती: नऊ अक्षरांच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह. ते दिसलं की समजायचं, इथे पूर्ण यादी आहे, नुसत्या नऊ अक्षरांवर विश्वास ठेवू नकोस.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नाव आसा, पण चलना नाय." माझ्या पूर्ण रिपोर्टपेक्षा हे वाक्य चांगलं होतं.

मग त्यांनी मला दुसरी बाजू दाखवली, आणि ती आमच्या गावाचीच आहे.

आंबोली, चौकुळ आणि गेळे, सावंतवाडी तालुक्यातली ही तीन गावं. इथे 'कबुलायतदार गावकर' हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. सावंतवाडी संस्थानाच्या काळात गावकर मंडळींनी सारा भरायची कबुलायत दिली होती, आणि जमीन एकेका माणसाच्या नावाने न लागता 'कबुलायतदार गावकर' अशा सामूहिक नावाने राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर मालकाच्या जागी एक ग्रुप. घरं कोणाची, शेत कोणाचं, हे गावाला माहीत होतं, वहिवाट ठरलेली होती. पण यादीत एकेकाची ओळ नव्हती.

पुढे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, या जमिनींच्या सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' अशी नोंद लागली. जमीन जागच्या जागी, कसणारे तेच. फक्त मालकाची ओळ बदलली. आणि मग पीक कर्ज, खरेदी-विक्री, वाटणी, जिथे जिथे 'तुमच्या नावाचा सातबारा दाखवा' म्हणतात, तिथे तिथे प्रश्न उभा राहिला. आंदोलनं झाली, बैठका झाल्या, वाटपाचे निर्णय जाहीर झाले. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर, कोण चूक, हा आजच्या भागाचा विषय नाही आणि माझा तेवढा अधिकारही नाही. पण काका जे म्हणाले ते सांगतो: "कसणारो एक, कागदार दुसरो."

बघा, माझ्या सर्व्हरवर नाव यादीत होतं आणि हक्क चालत नव्हता. गावात हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत होता आणि नाव यादीत नव्हतं. दोन्ही ठिकाणी त्रास एकाच गोष्टीचा: यादी आणि प्रत्यक्ष यांची फारकत झाली, आणि कोणाच्या लक्षात आली नाही तोवर सगळं ठीक दिसत होतं.

यातून ग्रुपबद्दल एक धडा मिळतो. ग्रुप सोयीचा असतो, पण ग्रुपच मालक असेल तर 'यात नेमकं कोण आहे' ही दुसरी यादी कुठेतरी नीट लिहिलेली लागते. कंपनीत 'टीम' नावाचा ग्रुप असतो, आणि तीन वर्षांनी त्यात कोण आहे हे कोणालाच माहीत नसतं.

दुसरा धडा मालकाबद्दल. फाईलवर वाचायचा हक्क वेगळा, लिहायचा वेगळा, आणि यादीच बदलायचा हक्क त्याहून वेगळा. लिनक्समध्ये यादी बदलू शकतो फक्त मालक किंवा रूट. आणि साध्या युजरला स्वतःची फाईल दुसऱ्याच्या नावावर करताही येत नाही, त्यासाठी रूट लागतो. विंडोजमध्ये 'परमिशन बदलणं' आणि 'मालकी घेणं' हे वेगळे हक्क म्हणूनच लिहिलेले असतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन असतात, ते आठवा. वर्ग दोनचा माणूस जमीन कसू शकतो, पण परवानगीशिवाय विकू शकत नाही. वापरायचा हक्क आणि दुसऱ्याला द्यायचा हक्क, दोन वेगळ्या गोष्टी.

तिसरी गोष्ट, यादी कधी वाचली जाते? दरवेळी नाही! लिनक्समध्ये फाईल उघडताना यादी तपासली जाते. एकदा उघडून मिळाली की प्रोग्रॅम ती वाचत राहू शकतो, मग तुम्ही मधेच त्याचं नाव यादीतून काढलंत तरी. व्हॉट्सॲपचंही असंच आहे. स्टेटस टाकल्यावर आत्याला यादीतून वगळलंत, तरी आधी टाकलेल्या स्टेटसवर त्याचा परिणाम होत नाही. गोव्याचा फोटो आत्याने बघितला म्हणजे बघितला. म्हणून कोणाचा हक्क काढताना नाव खोडून थांबू नका. चालू असलेली सेशन बंद करा, सगळीकडून लॉगआउट करा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. फोन हातात आहेच.

अँड्रॉइड आतून लिनक्स आहे. तिथे प्रत्येक ॲप हा वेगळा युजर असतो, म्हणून एका ॲपच्या खाजगी फाईल दुसऱ्याला उघडता येत नाहीत. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी वापरताना विचारायची पद्धत २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आली, आणि 'फक्त या वेळी' हा पर्याय २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये.

सेटिंग्जमध्ये जाऊन परमिशन मॅनेजर शोधा. तिथे 'मायक्रोफोन' उघडलात की कुठल्या ॲप्सना परवानगी आहे ते दिसेल. तो सातबारा. मग एखाद्या ॲपची माहिती उघडून त्याच्या परमिशन बघा. तो आठ-अ. दोन्ही बघा, कारण एकात जे डोळ्यांना खुपत नाही ते दुसऱ्यात खुपतं. माझ्या फोनमध्ये एका टॉर्चच्या ॲपला लोकेशन दिलेलं निघालं. अंधारात मी कुठे उभा आहे हे त्याला कशाला हवंय?

आणि जे माझ्यासारखे सर्व्हर सांभाळतात त्यांना एकच विनंती. यादी वाचून समाधान मानू नका. त्या युजरच्या नावाने स्वतः जा, दार ढकलून बघा, उघडतंय का. बॅकअपचा हिरवा टिक बघू नका, महिन्यातून एकदा त्यातली एक फाईल परत काढून बघा. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे करतो. दहा मिनिटं लागतात. कोणाचा तरी एक रोज वाचतो.

काकांनी परवा नेट आलं तेव्हा माझ्याच लॅपटॉपवर स्वतःचा सातबारा काढून बघितला, इतर हक्कांसकट, ओळीवर बोट ठेवून. तुम्हीही घरी गेलात की आई-बाबांबरोबर बसून एकदा काढा. फोनचा करा, जमिनीचाही करा.

चला, पाऊस वाढलाय आणि इन्व्हर्टर कुरकुरतोय. टॉर्चच्या ॲपसारखं काही भन्नाट सापडलं तर मेसेजमध्ये नक्की सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू मग. काळजी घ्या, आणि घाटात गाडी हळू चालवा!